गूढ शब्दकोडं: क्लू सोडवणं आणि उकल लिहिणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोडवणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, तेच इथे घेतले आहेत. उदाहरणं मुद्दाम मराठवाड्यातल्या गावांची आहेत, म्हणजे उत्तर ओळखीचं असेल आणि लक्ष क्लूच्या बांधणीकडे राहील. क्लूनंतर कंसात दिलेला आकडा उत्तराच्या घरांचा आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे तो क्रमांक दिला आहे.

१. साधं शब्दकोडं आम्ही रोज सोडवतो. गूढ कोड्यात वेगळं काय असतं?

साध्या कोड्यात नुसतं ‘शासन (४)’ छापलेलं असतं. सरकार, राजवट की प्रशासन, हे आडव्या-उभ्या शब्दांच्या जुळणीवरून ठरवायचं. गूढ कोड्यात तोच शब्द असा येतो:

*गुरुजींची मोटार म्हणजे शासन! (४)*

यात दोन भाग आहेत. ‘शासन’ हा अर्थ. ‘गुरुजींची मोटार’ ही करामत: गुरुजी म्हणजे सर, मोटार म्हणजे कार, सर + कार = सरकार. ‘म्हणजे’ हा दोन भागांमधला सांधा. एकच उत्तर दोन वाटांनी मिळतं, त्यामुळे एकही अक्षर भरलेलं नसताना उत्तराची खात्री करता येते. राजवट आणि प्रशासन इथेच बाद होतात.

अर्थ क्लूच्या सुरुवातीला असतो किंवा शेवटाला, मधोमध कधीच नसतो. वाक्य वाचताना जे चित्र उभं राहतं (गुरुजींनी गाडी घेतली वगैरे), ते फसवण्यासाठीच असतं.

२. हा प्रकार आला कुठून?

चौकटीतलं शब्दकोडं पहिल्यांदा २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात आलं. ते आर्थर विन यांनी केलं होतं. त्याला गूढ वळण दिलं ब्रिटनने. एडवर्ड पॉविस मॅथर्स यांनी १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये टॉर्कमाडा या नावाने कोडी दिली. १९३९ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या मॅकनट यांनी झिमेनेस हे नाव घेतलं आणि क्लूची शिस्त घालून दिली. ही दोन्ही नावं छळासाठी कुप्रसिद्ध असलेल्या स्पॅनिश धर्मन्यायालयाच्या प्रमुखांची. सोडवणाऱ्याचा छळ करायचा हे पहिल्यापासूनच ठरलेलं होतं म्हणायचं. आपल्याकडे आडून बोलायची सवय त्याआधीची आहे. पैठणच्या एकनाथांच्या भारुडांत कूट रचना आहेतच. चौकट मात्र बाहेरून आली.

३. एका घरात नेमकं काय भरायचं? जोडाक्षराला दोन घरं लागतात का?

नाही. एका घरात एक पूर्ण अक्षर, त्याच्या काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासकट. पूर्णा = पू-र्णा, २ घरं. कन्नड = क-न्न-ड, ३ घरं. धाराशिव = धा-रा-शि-व, ४ घरं. छत्रपती संभाजीनगर हे (४, ६).

आडवा आणि उभा शब्द जिथे छेदतात तिथे अक्षर तंतोतंत जुळावं लागतं. आडव्यात ‘शि’ आणि उभ्यात ‘शिं’ असेल तर ती जुळणी नव्हे. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. छेदावर ते सैल सोडणारं कोडं असेल तर ती सूचना कोड्याच्या डोक्यावर छापलेली हवी. छापलेली नसेल तर कडक नियम धरायचा.

४. क्लू हातात आला की सुरुवात कुठून करू? मला वाक्यच दिसत राहतं.

वाक्य मोडायचं. क्रम असा ठेवा:

आधी विरामचिन्हं पुसून टाका. स्वल्पविराम, उद्गारचिन्ह, अवतरण यांवर विश्वास ठेवायचा नाही. क्लू लिहिणारा ती हवी तशी टाकतो. मग पहिला शब्द किंवा पहिले दोन शब्द सुटे करून विचारा, ‘हा अर्थ असू शकतो का?’ नसेल तर शेवटचे. अर्थाचा अंदाज आला की उरलेल्या भागात खूण शोधा: उलटणं, विस्कटणं, गिळणं, तोंड, शेपूट असा शब्द. खूण सापडली की कोणती करामत ते कळतं (प्रश्न ५). एकही खूण नसेल तर बहुधा नुसती जोडणी आहे किंवा दुहेरी अर्थ. सगळ्यात शेवटी घरं मोजा.

हे करून बघा: *परभणीतल्या तालुक्यात माणूस तलाठ्याच्या तोंडी लागला (४)*. भांडण विसरा. पहिले दोन शब्द अर्थ वाटतात, म्हणजे परभणी जिल्ह्यातला तालुका हवा. माणूस = मानव. तलाठ्याचं ‘तोंड’ म्हणजे त्या शब्दाचं पहिलं अक्षर, त. ‘लागला’ म्हणजे जोडला गेला. मानव + त = मानवत. मा-न-व-त, ४ घरं. जमलं.

आधी तालुक्यांची यादी आठवून मग त्यात मानवत बसवणं हीदेखील कायदेशीर वाट आहे. अर्ध्याहून जास्त क्लू असेच सुटतात. फक्त करामत पटल्याशिवाय पेनाने भरू नका.

५. करामतींचे प्रकार किती, आणि कोणता कोणत्या खुणेवरून ओळखायचा?

नेहमीचे नऊ-दहा. मराठीत त्यांचा मान सारखा नाही, म्हणून जे जास्त येतात ते आधी घेऊ.

जोडणी. तुकड्यापुढे तुकडा. सरकार आणि मानवत याच प्रकारातले. मराठवाड्यातली गावं यासाठी फार सोयीची आहेत. *मस्ती? हाण बीडच्या तालुक्यात! (५)*: मस्ती = माज, हाण = लगाव, मिळून माजलगाव. इथे लगाव हे आज्ञार्थी क्रियापद आहे. आज्ञार्थी रूपं (जा, ये, घे, गा, वस) छोटी असतात, म्हणून क्लूत एखादा हुकूम दिसला की कान टवकारा.

दुहेरी अर्थ. करामत नसतेच, दोन अर्थ शेजारीशेजारी असतात. *बालाघाटातला जिल्हा ओतीव लोखंडाचा (२)*: बीड. बिडाचा तवा आठवा. *नांदेडचा तालुका लोणच्यात (३)*: भोकर. *संभाजीनगरचा तालुका, बंगळूरची भाषा (३)*: कन्नड. असे क्लू आखूड असतात. दोन-चार शब्दांचा क्लू आणि खूण एकही नाही, तर आधी दुहेरी अर्थच धरून चाला.

उलट. अक्षरं मागून पुढे वाचायची. खुणा: उलटणं, मागे फिरणं, माघार, परतणं. *गोदावरी, समजा, उलटी वाहिली तर गरीब (२)*: नदी उलटली की दीन. ‘समजा’ हा शब्द उगाच आलेला नाही. गोदावरी हे नदीचं एक उदाहरण आहे. ‘नदी’साठी ‘गोदावरी’ लिहिताना ‘समजा’, ‘उदाहरणार्थ’, ‘म्हणा’ असं काहीतरी घालावं लागतं. उलट दिशेने, म्हणजे एखाद्या विशिष्ट नदीसाठी नुसतं ‘नदी’ लिहिताना, तसं बंधन नाही. उभ्या शब्दात उलटण्याची खूण ‘वर चढला’ अशी असू शकते. आडव्या शब्दात ती चालत नाही, कारण आडव्यात वर काही नसतं.

काटछाट. *कंधारचं शिर उडवलं, ती तलवारीला (२)*: कं गेला, धार उरली. *जावई उपाशी राहिला, फूल मिळालं (२)*: जावयाचं पोट रिकामं, मधला व गेला, जाई उरली. शिर म्हणजे पहिलं अक्षर, शेपूट शेवटचं, पोट मधलं.

पोटात घेणं. एक शब्द दुसऱ्याला गिळतो. *मद्यालयात ‘चालता हो!’, दर आठवड्याला भरतो (३)*: बार या शब्दात जा, म्हणजे बा-जा-र. खुणा: आत, पोटी, कुशीत, गिळला, वेढा.

दडलेला. उत्तर क्लूमध्ये सलग छापलेलंच असतं. *‘मुला, तू रडतोस!’ यात गंजगोलाईचं गाव (३)*: ‘मुला तू रडतोस’मधलं ला-तू-र, म्हणजे लातूर (गंजगोलाई ही तिथली बाजारपेठ). सगळ्यात सोपा प्रकार, आणि सगळ्यात जास्त नजरेतून सुटणाराही, कारण डोळा शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर थांबतो.

पहिली अक्षरं. *धावपळीत राबून शिकणाऱ्या वकिलांची सुरुवात, तुळजाभवानीचा जिल्हा (४)*: धा, रा, शि, व. इथे ‘शिकणाऱ्या’ऐवजी ‘शिंदे’ घेतलं असतं तर ‘शिं’ आलं असतं आणि क्लू पडला असता.

उलथापालथीसाठी प्रश्न ९, ऐकण्याच्या क्लूसाठी १३, आणि सगळा क्लूच अर्थ असतो त्यासाठी १४ पाहा.

६. ‘सर’, ‘कर’, ‘पर’ असे छोटे तुकडे सारखे येतात. यादी आहे का?

पाठ करावी एवढी मोठी नाही. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा: गुरुजी = सर; हात किंवा सरकारी वसुली = कर; पंख किंवा परका = पर; गाडी = कार; आई = माय, मा; पाणी = जल, नीर; वड किंवा रुबाब = वट; कौल = मत; सूर = सा, रे, ग, म, प, ध, नि यांपैकी कोणताही; नकार = ना; होकार = हो; नऊ = नव; शंभर = शत. ‘पूर’ हा तुकडा गावांच्या नावांत इतका येतो की क्लूत ‘महापूर’ दिसताच गंगापूर, वैजापूर, तुळजापूर, बदनापूर डोळ्यांसमोरून जाऊ द्या.

७. अर्थ ‘तालुक्यात’ असा आहे आणि उत्तर नुसतं ‘मानवत’. ‘मानवतात’ का नाही?

मराठी क्लूवर सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतो. उत्तर दोन भागांत द्यावं लागतं.

अर्थाच्या शब्दाला लागलेला प्रत्यय आम्ही सांधा मानतो. ‘तालुक्यात’ म्हणजे ‘तालुका’ + ‘त’, आणि तो ‘त’ सांगतो की या तालुक्यात पुढची करामत सापडेल. ‘चा’, ‘ला’, ‘हून’ यांनाही ही सवलत आहे. मराठीत प्रत्यय वगळून धड वाक्यच होत नाही, त्यामुळे इतकी ढील द्यावी लागते. काही कडक मंडळी हीसुद्धा देत नाहीत, आणि त्यांचे क्लू तारेच्या भाषेत लिहिल्यासारखे वाटतात.

करामतीच्या कच्च्या मालाला मात्र ढील नाही. ज्या शब्दाची अक्षरं प्रत्यक्ष वापरायची आहेत, तो छापला आहे तसाच मोजायचा. ‘कंधारचं शिर’ चालतं, कारण प्रत्यय काढल्यावर कंधार जसाच्या तसा राहतो. ‘दवाला मात्रा’ चालत नाही. सामान्यरूपात ‘दवा’ झालं, छापलेल्या शब्दात ‘दव’ उरलंच नाही. अशा वेळी शब्द प्रथमेत ठेवून वाक्य फिरवावं लागतं (प्रश्न ८ मधली उदाहरणं बघा). पहिलं अक्षर घ्यायचं असेल तर सामान्यरूपाने सहसा फरक पडत नाही: तलाठी, तलाठ्या, दोन्हींचं तोंड त. पण ‘सून’ आणि ‘सुनेच्या’ यांत पडतो, सू चं सु होतं.

समानार्थी शब्दावर केलेल्या करामतीला हा नियम लागत नाही. तिथे छापलेली अक्षरं वापरलेलीच नसतात.

८. काना किंवा मात्रा अक्षरापासून वेगळी काढता येते का?

येते, पण क्लूने तसं नाव घेऊन सांगितलं पाहिजे. गुपचूप काढता येत नाही.

*काना गेलेली मान म्हणजे चित्त (२)*: मान, काना गेला, मन.

*सुरुवातीलाच मात्रा मिळाली की दव परमेश्वर (२)*: द वर मात्रा, देव. ‘सुरुवातीलाच’ नसतं तर मात्रा द ला द्यायची की व ला, हे कळलं नसतं.

*मग्रुरीच्या कपाळी टिकली, होळीला उधळतात तो (२)*: मग्रुरी = रग, कपाळावर म्हणजे पहिल्या अक्षरावर अनुस्वार, रंग.

मराठी कोड्याची खरी गंमत या जातीच्या क्लूंत आहे. मात्रा वैद्याचीही असते, टिकली बाईच्या कपाळीही असते, म्हणून वाक्य सहज जमतं आणि खूण त्यात विरघळते. हे क्लू जास्त लिहिले जायला हवेत.

९. इंग्रजी कोड्यात अक्षरांची उलथापालथ भरपूर असते. मराठीत एवढी कमी का?

घरं कमी असतात म्हणून. मराठी शब्द बहुधा २ ते ५ घरांचे. तीन अक्षरं फार तर ६ प्रकारे मांडता येतात, चार २४ प्रकारे. एवढं मनातल्या मनात होतं, कोडं उरतच नाही. *विस्कटलेलं कमल रोपवाटिकेतून आणतात (३)*: क-म-ल चं क-ल-म. दोन सेकंदांचं काम.

दुसरी अडचण मात्रांची. बाराखडीची १२ रूपं आणि क ते ज्ञ ३६ व्यंजनं धरली तर ४३२ अक्षरं होतात, जोडाक्षरं वेगळीच. एवढ्यांतून नेमकी तीच अक्षरं दुसऱ्या क्रमाने अर्थपूर्ण शब्द देतील, हे क्वचित घडतं. नवखे इथेच घसरतात. ‘जालना’ विस्कटून ‘लाज ना’ केलं, असं कुणीतरी पाठवतंच. जालना म्हणजे जा-ल-ना. लाज ना म्हणजे ला-ज-ना. काना ज वरून ल वर गेला. ती उलथापालथ नव्हे.

या ४३२ चा सोडवणाऱ्याला फायदाही आहे. छेदातून मिळालेलं एक अक्षर मराठीत फार काही सांगून जातं. तीन घरांच्या शब्दात मधे ‘न्न’ आलं तर शब्द जवळजवळ हातात आला.

१०. ‘विस्कटलेलं फूल रोपवाटिकेतून आणतात’ असा क्लू का चालत नाही? फूल म्हणजे कमल, मग विस्कटून कलम.

कारण फुलं शंभर आहेत. आधी कोणतं फूल ते ओळखा, मग ते विस्कटा. पहिल्या पायरीला आधार काहीच नाही. उलथापालथ करायची ती अक्षरं डोळ्यांसमोर छापलेली असावीत, हा जुना नियम आहे आणि तो आम्ही पाळतो.

‘मग उलट करताना समानार्थी शब्द कसा चालतो?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. उलटवल्यावर एकच उत्तर येतं, विस्कटल्यावर अनेक येतात. काटछाट आणि पोटात घेणं यांतही निकाल एकच असतो, म्हणून तिथे समानार्थी शब्द चालतो.

११. ‘नेहमी उलटून बोलतो नोकर (२)’ याला मी ‘सदा’ लिहिलं. उत्तर ‘दास’ दिलंय. माझं चुकलं का?

तुमचं चुकलं नाही, क्लू चुकला. नेहमी = सदा, उलटलं की दास. पण नोकर = दास, उलटलं की सदा, हेही तितकंच खरं. खूण दोन्हींच्या मधे बसली आहे आणि ती कुणाची हे ठरत नाही. असा क्लू छापायचाच असेल तर निदान एका घरावर छेद हवा.

दुरुस्ती सोपी आहे: *नोकर, नेहमी उलटून बोलणारा (२)*. आता ‘उलटून’ हे ‘नेहमी’ला चिकटलं आहे, ‘नेहमी’ ओलांडून ते ‘नोकर’पर्यंत जाऊ शकत नाही. उत्तर फक्त दास. उलटण्याची खूण क्लूच्या मधोमध दिसली की हा धोका तपासा.

१२. गावांची नावं बदलली. उत्तरात जुनं धरायचं की नवं? आणि बोलीतले शब्द?

अर्थात नुसतं ‘शहर’ किंवा ‘जिल्हा’ असेल तर आजचं अधिकृत नाव. जुनं हवं असेल तर क्लूत ‘पूर्वीचं’, ‘निजामाच्या काळी’ असा शब्द पाहिजे. २०२३ मध्ये बदललेल्या दोन जिल्ह्यांबाबत घरांचा आकडाच गोंधळ मिटवतो: उस्मानाबाद ५, धाराशिव ४, औरंगाबाद ५, छत्रपती संभाजीनगर (४, ६). अंबाजोगाईत मात्र फसगत होते. तिचं जुनं नाव मोमिनाबाद, आणि दोन्ही ५ घरांची. तिथे ‘पूर्वीचं’ हा शब्द सक्तीचा.

बोलीला बंदी नाही, फक्त ‘आपल्याकडचा’, ‘गावाकडे’ अशी खूण हवी. *हार आणि वंदनाची सुरुवात, आपल्याकडच्या भाजीपाल्याला (३)*: माळ + वं = माळवं. पुण्याच्या सोडवणाऱ्याला हा शब्द माहीत नसेल, पण करामत पक्की असल्यामुळे तो बांधून काढता येतो. ज्या क्लूचं उत्तर अनोळखी, त्याची करामत सोपी ठेवायची. लातूर-धाराशिवकडची येळवस (शेतात साजरा होणारा सण) ४ घरांची. तिचं छापील रूप वेळ अमावस्या (२, ४). दोन्ही चालतील, पण आकडा बरोबर हवा.

१३. ‘ऐकायला’, ‘म्हणे’, ‘कानावर आलं’ असे क्लू मराठीत असतात का?

असतात, पण थोडेच. आपण बोलतो तसंच बहुतेक लिहितो, म्हणून एकाच उच्चाराचे दोन शब्द फार सापडत नाहीत. मिळतात ते बहुतेक ऱ्हस्व-दीर्घाचे: दिन–दीन, सुत–सूत. *दिवस ऐकायला गरीब (२)* यात प्रश्न ११ मधलाच दोष आहे. न आणि ण चा उच्चार एक धरून केलेले क्लूही येतात. ते विनोदापुरते ठीक, स्पर्धेत नकोत.

१४. सगळा क्लूच अर्थ आणि सगळा क्लूच करामत, असं खरंच जमतं?

क्वचित, आणि जमलं की कोडं लक्षात राहतं.

*साऱ्या सूनबाईंच्या तोंडी (२)*

‘साऱ्या’ आणि ‘सूनबाई’ या शब्दांची तोंडं, म्हणजे सा आणि सू: सासू. आणि सगळं वाक्य अर्थ म्हणून वाचलं तरी तीच. सगळ्या सुनांच्या तोंडी सासूशिवाय दुसरं असतं काय! एकही शब्द वाया गेलेला नाही. इथे ‘सुनांच्या’ लिहिलं असतं तर ऱ्हस्व ‘सु’मुळे सगळं कोसळलं असतं (प्रश्न ७).

नुसता गमतीदार अर्थ देणारा, करामत नसलेला क्लू (*जागचा हलत नाही, तरी गावाहून गावाला जातो (२)*: रस्ता) हा वेगळा प्रकार. तो पाठीशी काही आधार नसलेला असतो, म्हणून एका कोड्यात एक-दोनच बरे.

१५. उत्तर येतं, पण उकल लिहिता येत नाही. कशी लिहायची?

ठरावीक मांडणी पाळा. आधी उत्तर, मग अर्थाचा भाग अधोरेखित, मग करामत चिन्हांत: जोडणीला +, पोटात घेतलेल्याला चौकटी कंस, उलटल्याला बाण, काढलेलं अक्षर वजा. उरलेले सांधे शेवटी. उदाहरणार्थ:

बाजार – अर्थ: दर आठवड्याला भरतो. करामत: बा[जा]र; बार = मद्यालय, जा = चालता हो. खूण: मद्यालयातला ‘-त’, म्हणजे आत. सांधा: नाही.

दीन – अर्थ: गरीब. करामत: नदी ←. खूण: उलटी वाहिली. ‘समजा’: उदाहरण असल्याची सूचना. सांधा: तर.

शेवटी क्लूतल्या प्रत्येक शब्दावर बोट ठेवत जा. ज्याच्यासमोर काही लिहिलेलं नाही, तो शब्द एकतर तुम्ही चुकल्याचं सांगतो किंवा क्लू लिहिणारा. ‘बाकी शब्द वाक्य पूर्ण करायला आहेत’ असं उकलीत लिहायचं नाही.

१६. एखादा शब्द खरोखरच उरला तर? उत्तर तर बरोबर आहे.

तर क्लू सदोष आहे, उत्तर बरोबर असलं तरी. परतूरचा क्लू घ्या: पर (परका) + तूर (डाळ). *जालन्यातल्या तालुक्यात परक्याची डाळ शिजते (४)* असं लिहायचा मोह कुणालाही होईल. वाक्प्रचार आयता आहे, वाक्य झकास होतं. पण ‘शिजते’ ला काम नाही. त्याहून वाईट म्हणजे ती उलथापालथीची खूण वाटते, आणि सोडवणारा ‘डाळ’ विस्कटत बसतो. *जालन्यातल्या तालुक्यात परक्याची डाळ (४)* हा क्लू जरा कोरडा आहे, पण प्रामाणिक आहे. फसवावं, पण खोटं बोलू नये, ही मर्यादा इथे लागू होते.

१७. मोबाईलवर भरताना मात्रा पुढच्या घरात जाते, किंवा बरोबर उत्तर चूक दाखवतं. काय करावं?

ती चौकट इंग्रजीसाठी केलेली आहे. ‘र्णा’ आपल्याला एक अक्षर दिसतं, यंत्राला ती र, हलन्त, ण, काना अशी चार चिन्हं असतात. एका घरात एकच चिन्ह घेणारी चौकट उरलेली पुढे ढकलते. त्यावर उपाय नाही. चौकटींच्या वहीत काढून घ्या.

चौकट मराठीची असूनही ‘साऱ्या’सारखा शब्द चूक दाखवत असेल, तर ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकता येतं हे कारण असतं. दिसायला दोन्ही सारखी, आत वेगळी. कळफलक बदलून तोच शब्द पुन्हा टंकून बघा. कोडं तुम्हीच करत असाल तर उत्तरतालिकेत दोन्ही रूपं भरा, किंवा ऱ्या-ऱ्ह असलेले शब्द टाळा.

१८. सरावाला काही द्या. उकलीसकट.

(क) सुरीपुढे रक्ताचा पहिला थेंब, लातूरच्या तालुक्यात (३)
(ख) ‘उद्या जाल नाटकाला?’ या प्रश्नात मोसंबीचं शहर (३)
(ग) हळदीच्या बाजारपेठेत राहा, कौल मिळेल (४)
(घ) वेशीच्या तोंडाशी लोहमार्ग, तिथेच लेणी (३)
(ङ) डाव उलटला, पावासोबत मिळतो (२)

उकल:
(क) चाकूर – चाकू (सुरी) + र (रक्ताचं पहिलं अक्षर). ‘पुढे’ हा जोडणीचा क्रम.
(ख) जालना – उद्या जाल नाटकाला. खूण: या प्रश्नात.
(ग) वसमत – वस (राहा) + मत (कौल). ‘मिळेल’ सांधा. अर्थाच्या ‘त’ साठी प्रश्न ७.
(घ) वेरूळ – वे (वेशीचं तोंड) + रूळ (लोहमार्ग). ‘तिथेच’ सांधा. रू दीर्घ, म्हणून छेदावर ‘रु’ आलं तर उभा शब्द पुन्हा तपासा.
(ङ) वडा – डाव ←. खूण मधे आहे, तरी प्रश्न ११ मधला घोटाळा इथे होत नाही: ‘डाव’ क्लूत छापलेलाच आहे, तो उत्तर असू शकत नाही.